आयएल-२ एकच, मग परिणाम उलटे कसे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंटरल्युकिन-२, म्हणजे आयएल-२, हा टी पेशींना (प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) वाढवणारा सायटोकाइन, म्हणजे पेशींमधला निरोप्या रेणू, म्हणून शिकवला जातो. कर्करोगात तो प्रतिकारयंत्रणा चेतवायला देतात. तोच ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे ही यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, ती शांत करायलाही देऊन पाहतात. आणि तुमच्या प्रयोगात आणखी एक कोडं पडलं. नियामक टी पेशी (यापुढे टी-रेग) साध्या टी पेशींसोबत ठेवल्या की साध्या पेशींची वाढ दबते, हे दिसलं. मग टी-रेग नीट जगाव्यात म्हणून तुम्ही आयएल-२ घातला, तर दबाव गायब! टी-रेगला आयएल-२ लागतो म्हणतात, मग तो मिळाल्यावर त्यांनी काम का सोडलं?

यातलं सगळंच खरं आहे, कुठेही विसंगती नाही. टी पेशी वाढवण्यात माझी बरीच वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. ‘आयएल-२ काय करतो?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आयएल-२ कोणाला मिळतो, किती आणि कधी?’ असं विचारलं की मात्र जवळपास सगळ्या कोड्यांची उकल होते.

या विषयाच्या इतिहासात आधी कळस आणि मग पाया असा प्रकार झालाय. १९७६ साली रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत मॉर्गन आणि रुसेटी मानवी अस्थिमज्जेतल्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या खटपटीत होते. चेतवलेल्या लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी) ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव घातला की टी पेशी दीर्घकाळ वाढत राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्याच वर्षी गिलिस आणि स्मिथ यांनी ट्यूमर ओळखणाऱ्या मारक टी पेशी तशाच वाढवून दाखवल्या. १९७९ मध्ये या घटकाला इंटरल्युकिन-२ हे नाव मिळालं, आणि १९८३ मध्ये तानिगुची यांच्या गटाने त्याचं जनुक क्लोन केलं. १३३ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. ते हवं तितकं बनवता यायला लागल्यावर स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी कर्करोगाच्या रुग्णांना मोठ्या डोसमध्ये द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत १९९२ साली पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी आणि १९९८ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. तोपर्यंतची समजूत साधी होती: टी पेशी वाढवणारा रेणू, जास्त दिला की प्रतिकार जास्त.

या समजुतीला तडा दिला उंदरांनी. आयएल-२चं जनुकच काढून टाकलेले उंदीर १९९१ मध्ये तयार झाले. वाढ-घटकच नाही म्हटल्यावर टी पेशी खुरटतील, उंदीर साध्या संसर्गाने मरतील, अशी अपेक्षा होती. पण टी पेशींची घडण व्यवस्थित झालेली दिसली. १९९३ मध्ये या उंदरांचं पुढे काय होतं ते कळलं. साधारण निम्मे उंदीर जन्मानंतर चार ते नऊ आठवड्यांत मेले, आणि उरलेल्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याचा आजार झाला. म्हणजे प्रतिकार कमी पडायच्या ऐवजी तो बेफाम झाला होता. १९९५ मध्ये आयएल-२च्या रिसेप्टरचे (पेशीवरच्या, त्याला पकडणाऱ्या प्रथिनाचे) भाग काढलेल्या उंदरांतही हेच दिसलं. जन्मतः सीडी२५ हा या रिसेप्टरचा एक भाग नसलेली माणसंही पुढे आढळली. त्यांना वारंवार संसर्ग होतात आणि जोडीला स्वतःच्या अवयवांवर हल्लाही होतो.

त्या काळी याचं एक स्पष्टीकरण दिलं जायचं: आयएल-२ टी पेशींना वाढवतो तसाच त्यांना पुढच्या मरणासाठीही तयार करतो, त्यामुळे तो नसला की जुन्या पेशी साचत जातात. मायकेल लेनार्डो यांनी १९९१ मध्ये हे दाखवलं होतं, आणि ते आजही चूक ठरलेलं नाही. पण तेवढ्याने एवढा मोठा आजार समजत नव्हता. खरा दुवा १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांच्या प्रयोगात मिळाला. त्यांनी उंदराच्या टी पेशींतून सीडी२५ असलेला छोटा गट वगळला आणि उरलेल्या पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या अनेक अवयवांना ऑटोइम्यून आजार जडला. वगळलेला गट परत दिला की आजार टळला. याच आपल्या टी-रेग. त्यांची ओळख ठरवणारं फॉक्सपी३ हे जनुक २००१ मध्ये सापडलं आणि त्याचं टी-रेगशी नातं २००३ मध्ये पक्कं झालं. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच कामासाठी साकागुची, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं.

आता सीडी२५ म्हणजे काय? आयएल-२च्याच रिसेप्टरची अल्फा साखळी. वॉल्डमन यांच्या गटाने १९८१ मध्ये चेतवलेल्या टी पेशींवर चिकटणारी एक अँटिबॉडी बनवली होती, ती याच साखळीला चिकटायची. म्हणजे ज्या खुणेवरून टी-रेग ओळखल्या गेल्या, ती खूण म्हणजे आयएल-२ पकडण्याचं साधन. इतकी वर्षं ही गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि कोणाला दिसत नव्हती. रिसेप्टरचा बीटा भाग नसलेल्या उंदरांना निरोगी टी-रेग दिल्या तर त्यांचा आजार टळतो, हे मालेक यांनी २००२ मध्ये दाखवलं आणि वर्तुळ पूर्ण झालं. आयएल-२ नसलेल्या उंदरांत टी पेशी भरपूर होत्या. टिकत नव्हत्या त्या टी-रेग. साध्या टी पेशींची घडण आणि देखभाल आयएल-७ आणि आयएल-१५ हे दुसरे सायटोकाइन बऱ्यापैकी सांभाळून घेतात. टी-रेगला तशी दुसरी सोय फारशी नाही.

इथे रिसेप्टरचं गणित नीट बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रिसेप्टरच्या तीन साखळ्या: अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२, आणि गामा, जी आयएल-४, ७, ९, १५ आणि २१ यांच्या रिसेप्टरांतही असते. एकटी अल्फा आयएल-२ला पकडते, पण सैलसर, साधारण १० नॅनोमोलरच्या ताकदीने (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट), आणि पेशीच्या आत निरोप पोचवणं तिला जमत नाही. बीटा आणि गामा मिळून १ नॅनोमोलरला पकडतात आणि निरोपही पोचवतात. तिन्ही एकत्र आल्या की हीच पकड १० पिकोमोलरवर जाते, म्हणजे शंभरपट घट्ट. निरोप मात्र दोन्ही वेळा सारखाच जातो: पेशीच्या आतले जॅक१ आणि जॅक३ हे एन्झाइम जागे होतात, त्यांच्यामार्फत स्टॅट५ (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात जातो.

टी-रेगवर तिन्ही साखळ्या सदासर्वदा असतात. नुकत्याच घडलेल्या, अजून शत्रू न पाहिलेल्या टी पेशीवर अल्फा नसते, ती पेशी चेतल्यावर येते. एनके पेशी (जन्मजात मारक पेशी) आणि आधीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या मारक स्मृती-पेशींवर बीटा-गामा असतात, अल्फा सहसा नसते. म्हणून आयएल-२ चिमूटभर असला तर तो टी-रेगलाच कळतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. तो उदंड झाला की सगळ्यांनाच कळतो, आणि मारक पेशींची संख्या व ताकद टी-रेगला मागे टाकते. तुमच्या प्रश्नातला पहिला विरोधाभास इथेच सुटतो.

पण अर्धी गंमत पुढे आहे. फॉक्सपी३ टी-रेगमध्ये आयएल-२चं जनुक दाबून ठेवतो, म्हणून टी-रेग आयएल-२ स्वतः बनवत नाहीत. त्या जगतात इतर चेतलेल्या टी पेशींनी सोडलेल्या आयएल-२वर. ज्यांना आवरायचं, शिधा त्यांच्याचकडून घ्यायचा! आजूबाजूला टी पेशी जितक्या जास्त चेततील तितका आयएल-२ जास्त, तितक्या टी-रेग सशक्त. स्टॅट५ टी-रेगमध्ये फॉक्सपी३ आणि सीडी२५ दोन्ही टिकवतो, त्यामुळे त्या आणखी चांगल्या पकडतात. साध्या पेशीत आयएल-२चा निरोप पीआय३-कायनेज या एन्झाइमच्या मार्गानेही जातो आणि तिला जोरात विभाजायला लावतो. टी-रेगमध्ये पीटेन हे प्रथिन तो मार्ग मंद ठेवतं. एकाच निरोपाचे दोन पेशींतले अर्थ वेगळे व्हायला हेही एक कारण आहे.

टी-रेग आयएल-२ नुसता ऐकत नाहीत, तो खातात. रिसेप्टरला चिकटलेला आयएल-२ पेशीच्या आत ओढला जातो आणि बीटा-गामासकट नष्ट होतो. अल्फा मात्र सुटून परत पृष्ठभागावर येते, पुढचा रेणू पकडायला मोकळी. म्हणजे भरपूर सीडी२५ असलेली पेशी हा उपसा पंपच. त्यामुळे ऊतीत आयएल-२ फार लांब पसरू शकत नाही. बनवणाऱ्या पेशीपासून काही मोजक्या पेशींच्या अंतरापर्यंतच तो पोचतो, आणि खाणाऱ्या जितक्या दाट तितकं हे अंतर कमी. लसीका ग्रंथींची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं पाहिली तर आयएल-२ सोडणाऱ्या, स्वतःच्याच शरीराला ओळखून चेतलेल्या एखाद्या टी पेशीभोवती टी-रेगचं कोंडाळं जमलेलं दिसतं. मात्र चेतना जोरदार असेल, खऱ्या संसर्गात असते तशी, तर साध्या टी पेशी स्वतःच भराभर सीडी२५ चढवतात, आयएल-२चा लोंढा सोडतात आणि टी-रेगचा उपसा अपुरा पडतो. किरकोळ चेतना जिरवायची आणि जोरदार चेतनेला वाट द्यायची, हे टी-रेगला जमतं ते बऱ्याच अंशी या स्पर्धेमुळे.

या उपशाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. सुरुवातीच्या काळात दोन प्रकारच्या कल्चरमधला आयएल-२ एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायच्या चाचणीने) मोजला. एकात पेशी जोरात वाढत होत्या, तिथे आयएल-२ जवळपास शून्य. दुसऱ्यात वाढ जेमतेम, आणि आयएल-२ भरपूर. ‘आयएल-२ वाढीला मारक आहे’ असा निष्कर्ष मी वहीत चक्क लिहून ठेवला होता. प्रत्यक्षात पहिल्या डिशमधल्या पेशी बनलेला सगळा आयएल-२ संपवत होत्या. द्रवातला आयएल-२ म्हणजे शिल्लक, उत्पादन नव्हे. उत्पादन मोजायचं असेल तर सीडी२५ अडवणारी अँटिबॉडी घालून उपसा बंद करा, नाहीतर पेशींच्या आतला आयएल-२ रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) पाहा. प्रकाशित आलेखांतही ही चूक मला अधूनमधून दिसते.

डोसचं गणित आता आपोआप लागेल. कर्करोगातला मोठा डोस म्हणजे दर आठ तासांनी, किलोमागे ६ लाख युनिट. ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १० कोटी ८० लाख युनिट होतात. या पातळीला बीटा-गामाच्या पेशीही जाग्या होतात, एनके पेशी जाग्या होतात, आणि रक्तवाहिन्या गळायला लागून रक्तदाब कोसळतो, त्यामुळे हा उपचार अतिदक्षतेच्या सोयीशिवाय करताच येत नाही. २७० मेलानोमा रुग्णांच्या एकत्रित नोंदीत १६ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, त्यांत ६ टक्क्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या. आकडा छोटा, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार वर्षानुवर्षं परतला नाही, आणि त्या काळी मेलानोमात असं काही दुसऱ्या औषधाने होत नव्हतं.

याउलट २०११ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले. बॉस्टनच्या गटाने अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जुनाट ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट आजारात (यात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात) आयएल-२ दिला. त्यात सोसवणारा डोस ठरला शरीराच्या दर चौरस मीटरला रोज १० लाख युनिट, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाला दिवसाला पंधरा-सोळा लाख. तपासता आलेल्या २३ पैकी १२ जणांत सुधारणा दिसली आणि टी-रेग कैक पटींनी वाढल्या. पॅरिसच्या गटाने हिपॅटायटिस-सीमुळे रक्तवाहिन्यांना सूज आलेल्या १० जणांना कमी डोस दिला, ८ जण सुधारले. औषध तेच, डोस साठ-सत्तर पटींनी कमी.

या आधी एचआयव्हीत जे घडलं त्याची आठवण फार कमी लोक ठेवतात, आणि मला तो सगळ्यांत बोलका धडा वाटतो. आयएल-२ दिल्यावर एचआयव्ही रुग्णांच्या सीडी४ पेशी छान वाढायच्या. त्यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एस्प्रिट आणि सिलकॅट, मिळून जवळपास ५,८०० रुग्ण. २००९ मध्ये निकाल आले: सीडी४ वाढल्या, पण ना संसर्ग कमी झाले ना मृत्यू. वाढलेल्या पेशींत सीडी२५ आणि फॉक्सपी३ असलेल्या पेशींचा मोठा भाग होता, हे त्याआधीच दिसलेलं होतं. अपयशाचं सगळं खापर मी त्यावर फोडणार नाही. पण कोणत्या पेशी वाढल्या हे न पाहता नुसती संख्या मोजली की काय होतं, ते यातून दिसतं.

कमी डोस म्हणजे फक्त टी-रेग, असंही समजू नका. टाइप-१ मधुमेहाच्या ९ रुग्णांना रॅपामायसिन या प्रतिकार दाबणाऱ्या औषधासोबत आयएल-२ दिला, तेव्हा टी-रेग वाढल्या, सोबत एनके पेशी आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढल्या, आणि इन्शुलिन बनवण्याची क्षमता काही काळ उलट घटली. इओसिनोफिल वाढतात ते आडमार्गाने: आयएल-२ दुसऱ्या गटाच्या जन्मजात लिम्फॉइड पेशींना चेतवतो, त्या आयएल-५ सोडतात. बी पेशींना मदत करणाऱ्या फॉलिक्युलर टी पेशी आणि दाह वाढवणाऱ्या टीएच१७ पेशी यांची घडण मात्र आयएल-२ थेट रोखतो, टी-रेगच्या मध्यस्थीशिवाय. ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारात हे उपयोगी पडू शकतं.

‘मग अल्फाला चिकटणारच नाही असा आयएल-२ बनवला तर टी-रेग वगळून फक्त मारक पेशी वाढतील’, ही कल्पना तुमच्या मनात आली असेलच. कंपन्यांच्याही आली. बेम्पेगाल्डेसल्युकिन हे त्या धाटणीचं गाजलेलं औषध मेलानोमात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २०२२ मध्ये अपयशी ठरलं. त्याच वर्षी जुनाट विषाणूसंसर्ग झालेल्या उंदरांत दिसलं की पीडी-१ रोधकासोबत (टी पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधासोबत) आयएल-२ने थकलेल्या मारक पेशींना सावरायचं असेल, तर सीडी२५शी त्याची गाठ पडावी लागते. ऐन लढाईतल्या मारक पेशींवरही अल्फा असते, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं होतं. उलट बाजूने डॅक्लिझुमॅब पाहा. सीडी२५ अडवणारी ही अँटिबॉडी मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी पडत होती, टी-रेग कमी होत असूनही, कारण मोकळा राहिलेला आयएल-२ बीटा-गामामार्फत एका प्रकारच्या एनके पेशींना मिळून त्या वाढायच्या. पुढे मेंदू आणि यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१८ मध्ये ती बाजारातून काढून घ्यावी लागली.

आता तुमच्या डिशकडे. तुम्हाला दिसलं तेच १९९८ मध्ये शेवॅक आणि साकागुची यांच्या गटांना स्वतंत्रपणे दिसलं होतं, त्यामुळे हात चुकला असं समजू नका. तुमच्या डिशमध्ये टी-रेग साध्या पेशींना दाबतात त्यात आयएल-२ची टंचाई हा मोठा भाग असतो. तुम्ही बाहेरून ओतलात की टंचाई संपली, टी-रेगनी कितीही उपसला तरी साध्या पेशींना पुरून उरतो. दुसरी गोष्ट, चेतना आणि आयएल-२ एकत्र मिळाले की एरवी डिशमध्ये निवांत बसणाऱ्या टी-रेग स्वतःच विभाजू लागतात. तुम्ही थायमिडीनने (नव्या डीएनएत शिरणाऱ्या, खूण लावलेल्या घटकाने) वाढ मोजत असाल तर त्यांचीही वाढ त्याच आकड्यात मिसळते आणि दबाव प्रत्यक्षाहून कमी दिसतो. साध्या पेशी आधी सीएफएसईसारख्या रंगाने रंगवा आणि फक्त त्यांचंच विभाजन मोजा.

टी-रेग आयएल-२मध्ये वाढवलेल्या असतील तर प्रयोगाआधी दोन-तीनदा नीट धुवा आणि एक-दोन दिवस अगदी कमी आयएल-२मध्ये विसावू द्या. माणसाच्या पेशी असतील तर नुसत्या सीडी२५वर निवड करू नका, चेतलेल्या साध्या पेशीही त्यात येतात. सीडी१२७ (आयएल-७च्या रिसेप्टरचा भाग) कमी असण्याची अट जोडा. आणखी एक कंट्रोल हवाच, जो बहुतेक जण ठेवत नाहीत: टी-रेगच्या जागी तेवढ्याच चेतलेल्या, सीडी२५ असलेल्या साध्या टी पेशी. त्याही आयएल-२ खातात आणि खोटा दबाव दाखवतात. तुमच्या टी-रेगचा दबाव या कंट्रोलपेक्षा स्पष्ट जास्त असेल तरच तो त्यांचा स्वतःचा म्हणता येईल, आणि तिथे बहुधा सीटीएलए-४ (टी-रेगवरचं प्रथिन) काम करत असेल, जो समोरच्या पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे टी पेशींना चेतवणारे रेणू ओढून काढतो.

हे सगळं जमलं की आयएल-२ची एक शिडी लावा: शून्यापासून सुरू करून दहा-दहा पटींच्या पाच-सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून दोन्ही गटांतला फॉस्फो-स्टॅट५ (जागा झालेला स्टॅट५) रंगवून फ्लो सायटोमीटरवर पाहा. टी-रेगचा आलेख खालच्या पायऱ्यांवरच चढेल, साध्या पेशींचा बराच उजवीकडे. तुम्ही डिशमध्ये घातलेला डोस त्या दोन आलेखांच्या नेमका कुठे पडतो, ते पाहा.